जुळणी शून्य टक्के

“मग खोटी नोंद ओळखायची तरी कशी, गुरुजी?”

गुरुजींनी मान वर केली नाही. ते बाजेची दोरी ताणत होते.

“तुम्हीच सांगा. तिने लिहिलंय तसं कुणी लिहितं का?”

“हे टोक धर,” गुरुजी म्हणाले.

पद्माकर नाफडेने टोक धरलं. चौदा शाळांचा केंद्रप्रमुख, खांद्याला बॅग, काखेत टॅब, आणि हातात सुंभाची दोरी. कुणी बघत नाही ना, म्हणून त्याने एकदा रस्त्याकडे पाहिलं.

कुणी बघत नव्हतं. सातपुड्याच्या पायथ्याला, पिराच्या चौथऱ्याशेजारी, एका लिंबाखाली मुबारक तडवी गुरुजींचं घर होतं. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून निवृत्त झालेला माणूस. आता पिराचा चौथरा झाडतात, बाजा विणतात आणि कुणी काही विचारायला आलं तर बहुतेक वेळा गप्प बसतात. पद्माकर त्यांचा चौथीतला विद्यार्थी. स्कॉलरशिपला तालुक्यात पहिला आलेला. ही गोष्ट तो अजून स्वतःच सांगतो, त्यामुळे दुसऱ्या कुणाला सांगावी लागत नाही.

पण आज तो ते सांगायला आला नव्हता. आज त्याला सही हवी होती.

त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला तसं फारसं निमित्त लागत नसे. कुणी नमस्कार केला तरी याच्या डोक्यात पहिला प्रश्न, याचं माझ्याकडे काय काम? शाळेत चहा पुढे आला की वाटे, हजेरीपटात काहीतरी गडबड आहे. आता अंगणात पाऊल ठेवतानाच त्याला मोरीच्या कडेला पालथे घातलेले दोन कप दिसले होते. गुरुजी एकटे राहतात. मग दुसरा कप कुणाचा?

तो प्रश्न त्याने आधी गिळला. मग राहवलं नाही.

“खैरीपाड्याच्या वसावेबाई येऊन गेल्या का इथे?”

“आली होती सकाळी.”

“मला वाटलंच!” त्याने दोरी सोडलीच. “काय म्हणाल्या?”

“काही नाही. तू धरलंयस ना, तेच टोक अर्धा तास धरून बसली.”

“माझ्याबद्दल काय म्हणाल्या?”

“तुझं नाव नाही काढलं.”

पद्माकरला हे जास्त लागलं. एखादीने तक्रार केली असती तर तिला उत्तर देता आलं असतं. नावच न काढणारीला काय उत्तर देणार? कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्याने मनात पक्कं केलं आणि टोक पुन्हा उचललं.

“बोल,” गुरुजी म्हणाले.

तो बोलला.

डोंगरावरच्या खैरीपाड्याच्या शाळेला चार वर्षांपूर्वी बारा टॅब मिळाले. पोरांनी गटात बसायचं, स्वतः करून बघायचं, स्वतः शोधायचं, टॅबवर फोटो काढायचे, मोजमापं भरायची. बाईंनी शिकवायचं नाही, बघायचं. आणि दर आठवड्याला प्रत्येक पोराची एक नोंद पोर्टलवर चढवायची. काय शिकला, कसा शिकला. गुणांपेक्षा ही नोंद महत्त्वाची, असं वरून लेखी आलेलं.

“चांगलं आहे की,” गुरुजी म्हणाले.

“चांगलंच आहे. पण शिक्षकांना लिहिता येतं का? त्यांची अडचण होऊ नये म्हणून मी नोंदसंग्रह केला.” पद्माकरचा आवाज इथे जरा खाली आला, मोठ्या कामाबद्दल बोलताना येतो तसा. “अकराशे वाक्यं, गुरुजी. विषयवार, इयत्तावार. तीन उन्हाळी सुट्ट्या घातल्या मी. वरच्या ऑफिसने तो संग्रहच पोर्टलला जोडला. आता नोंद चढवली की पोर्टल आपोआप ताडून बघतं. संग्रहाशी जुळली तर हिरवी. नाही जुळली तर लाल.”

“आणि लाल झाली तर?”

“तर ती मनाने रचलेली. बनावट.”

गुरुजींनी दोरी एका फेऱ्याने पुढे नेली.

“बाकीच्या तेरा शाळा?”

“सगळ्या हिरव्या. शंभर टक्के.”

“तेरा शाळांतली पोरं...”

“सहाशे चाळीस.”

“सहाशे चाळीस पोरं तुझ्या अकराशे वाक्यांत मावली?”

“मावली.”

“कुणाचा पाय बाहेर राहिला नाही?”

“एकाचाही नाही.” तो अभिमानाने म्हणाला.

“हं...”

गुरुजींनी दोरी आवळली. बाज करकरली.

“आणि खैरीपाडा?” त्यांनी विचारलं.

“लाल!” पद्माकरने टॅब काढून त्यांच्या नाकासमोर धरला. “अठ्ठावीस पोरं, अख्खं वर्ष, आणि अकराशेतलं एक वाक्य नाही घेतलं हो तिने. एक नाही!”

खरं तर इथेच घोडं पेंड खात होतं. नोंदी बनावट आहेत याचा त्याला राग होताच, पण त्याच्या तीन उन्हाळ्यांतलं एक वाक्यसुद्धा त्या पोरीला उचलावंसं वाटलं नाही, याचा राग त्याहून मोठा होता. हे त्याने कुणाजवळ कबूल केलं नव्हतं. बायकोजवळसुद्धा नाही.

“वाच,” गुरुजी म्हणाले. “माझा चष्मा आत आहे.”

पद्माकर वाचू लागला. आरोपपत्र वाचावं तसा.

“‘इरफान. टॅबवर उत्तर बरोबर आलं. कसं आलं विचारलं तर लाजला. उद्या पुन्हा विचारणार नाही, परवा विचारीन.’ ही नोंद आहे?”

गुरुजींनी दोरीचा पुढचा फेरा घातला.

“‘रेवली. तराजूची दांडी मध्यावर टांगली तरी वाकडीच राहिली. तीनदा दोरी सरकवली. चौथ्यांदा सरकवली नाही, बघत बसली.’ बघत बसली! आणि श्रेणी काय दिलीय, माहितीये? अ. बघत बसल्याबद्दल अ.”

“पुढे?”

“पुढचं तर ऐकाच. ‘गेंद्या. आज काही शिकला नाही. मी पण नाही.’” पद्माकरने टॅब मांडीवर आपटला. “मी पण नाही! सरकारी पोर्टलवर लिहितात हे!”

गुरुजींच्या खांद्यांना जरा हिसका बसला. ते हसले की दोरीला गाठ बसली, हे पद्माकरला कळलं नाही. त्याला वाटलं, हसले. त्याला वाटलं, सकाळीच यांचं सगळं ठरलेलं आहे.

“गुरुजी, मी नुसत्या पोर्टलवर गेलो नाही. मी काल स्वतः गेलो वर्गात. चाळीस मिनिटं बसलो. डोळ्यांत तेल घालून तपासलं.”

“काय तपासलंस?”

“सगळं. टॅबमधली चाचणी दिली पोरांना. अठ्ठावीसपैकी अकरा नापास. त्या रेवली पावराला दहापैकी तीन. तीन गुण आणि अ श्रेणी! मग मी तिला तोंडी विचारलं, तराजू कसा काम करतो? संधी दिली मी तिला.”

“मग?”

“म्हणाली, अजून ठरलं नाही.”

“काय?”

“ठरलं नाही. माहीत नाही असंही नाही, आठवत नाही असंही नाही. ‘सर, अजून ठरलं नाही.’ पाचवीतली पोरगी! तराजू कसा चालतो हे ही ठरवणार?”

गुरुजी पहिल्यांदाच थांबले. त्यांनी दोरी मांडीवर ठेवली, तळहात धोतराला पुसले.

“मग तू काय लिहिलंस?”

पद्माकरने बॅगेतून कागद काढला. छापील नमुना, खाली तारीख आजची. पाच वाजेपर्यंत वर पोचवायचा होता आणि आता तीन वाजून गेले होते.

नमुन्यात दोन रकाने होते. डाव्या रकान्याचं शीर्षक, ‘बनावट नोंदी करणारे’. उजव्याचं, ‘तपासणी करणारे’. दोन्ही कोरे.

“नावं तुम्ही घालायची,” पद्माकर म्हणाला. “तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर शिक्षणतज्ज्ञ सदस्य आहात. सदस्याच्या हस्ताक्षरात नावं आणि खाली सही. म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको, केंद्रप्रमुखाने आपल्या मनाने भरलं. लोकांचा काही भरवसा नाही, गुरुजी.”

“आणि हे गेलं की?”

“टॅब दुसऱ्या शाळेला जातील. वसावेबाई अजून शिक्षण सेवक आहेत. चार महिन्यांनी कायम व्हायच्या होत्या. ते... थांबेल.”

“थांबेल की जाईल?”

पद्माकरने लिंबाकडे पाहिलं.

“जाईल,” तो म्हणाला.

यमुना वसावे अक्राणीकडून इतक्या लांब आलेली होती. खैरीपाड्याला एसटी जात नाही. ती शेवटचे पाच किलोमीटर चालत जाते, दोन्ही वेळा. हे पद्माकरला माहीत होतं. हे माहीत असणं त्याला आज अडचणीचं वाटत होतं, म्हणून तो जरा घाईने बोलला.

“माझं तिच्याशी वैर नाही. पण पुरावा समोर आहे. मी तरी काय करू?”

गुरुजींनी कागद घेतला. दूर धरला, जवळ आणला. मग शेजारी बाजेवर ठेवला आणि वर विळ्याची मूठ ठेवली, उडू नये म्हणून.

“सही करतो,” ते म्हणाले.

पद्माकर चपापला. इतक्या सहज? त्यात पण त्याला काहीतरी वेगळंच वाटलं.

“फक्त एक कर,” गुरुजी म्हणाले. “काल तू चाळीस मिनिटं वर्गात होतास. त्यातल्या एका पोराची नोंद लिही. एकाच. तू लिहितोस कशी, ते बघू दे मला.”

“एवढंच?”

“एवढंच.”

पद्माकरच्या चेहऱ्यावर चौथीतला हुशार मुलगा उमटला. त्याने टॅबवर बोट चालवलं. पोर्टलमध्ये पडताळणीची चौकट होती, नोंद चढवण्याआधी ताडून बघायला. त्याने दहा सेकंदांत वाक्य टाकलं आणि वाचून दाखवलं.

“‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो व तंत्रज्ञानाचा सुयोग्य वापर करतो.’ बघा. हिरवं. जुळणी शंभर टक्के.”

“कोणाची ही?”

“इरफानची.”

“गेंद्याची कशी लिहिशील?”

“हीच चालेल की.”

“आणि रेवलीची?”

“तिलाही... म्हणजे, ‘होतो’चं ‘होते’ करायचं.”

गुरुजींनी मान हलवली.

“आता अशी लिही,” ते सावकाश म्हणाले, “जी दुसऱ्या कुणालाच चालणार नाही.”

पद्माकरने बोट उचललं.

बोट तसंच राहिलं.

“म्हणजे... विशेष गुण वगैरे?”

“काल जे दिसलं ते.”

तो आठवू लागला. इरफान. इरफान कुठे बसला होता? खिडकीजवळ, की खिडकीजवळ दुसरा कुणी होता? गेंद्याचा शर्ट कोणत्या रंगाचा? सगळ्यांचा गणवेश एकच, हे त्याला तेवढ्यात आठवलं आणि बरं वाटलं, मग वाईट वाटलं.

त्याला टॅबचा पडदा आठवत होता. अगदी स्पष्ट. अकरा नावांपुढच्या लाल फुल्या, ओळीने. नावांचा क्रमसुद्धा तो सांगू शकला असता. पण त्या नावांना चेहरे नव्हते.

गुरुजींनी पुन्हा दोरी हातात घेतली होती. घाई नव्हती त्यांना.

“गुरुजी, अठ्ठावीस पोरं होती हो...”

“हो ना. पुष्कळ होती.”

“मी तपासणीला गेलो होतो. निरीक्षणाला नाही.”

“बरं...”

चौथऱ्यावर कुणीतरी ठेवलेली अगरबत्ती संपत आली होती. काल चाळीस मिनिटं आपण नक्की बसलो होतो ना, अशी शंका आता पद्माकरला स्वतःबद्दल यायला लागली. आयुष्यात पहिल्यांदाच, म्हणायला हरकत नाही. आणि ती शंका दुसऱ्यावर घेतल्यासारखी सोपी नव्हती.

त्याने डोळे मिटले.

“श्वास...” तो मधेच म्हणाला.

गुरुजींनी विचारलं नाही, कसला.

“ती पोरगी. रेवली. तिने श्वास धरून ठेवला होता.”

दोरी थांबली.

“पत्र्याच्या झाकणांचा तराजू होता त्यांचा. बांबूची दांडी. एका झाकणात दगड होता आणि दुसऱ्यात ती माती टाकत होती. चिमूट चिमूट. दांडी जवळजवळ सरळ आली होती. आणि ती श्वासच घेत नव्हती, गुरुजी. गाल फुगवलेले, ओठ घट्ट. श्वासाने पारडं हललं असतं ना... म्हणून.”

तो आता गुरुजींशी बोलत नव्हता.

“तिला कुणी सांगितलं असेल हे? टॅबमध्ये नाही. चाचणीत तर नाहीच नाही. मला वाटतं, त्याआधी एकदा हललं असणार. तिनेच पाहिलं असणार... मी नेमकं तेव्हा विचारलं, तराजू कसा काम करतो. पहिल्यांदा बोललीच नाही. मी जरा आवाज चढवला. मग ती म्हणाली, सर, अजून ठरलं नाही. आणि बोलताना...”

“बोलताना?”

“श्वास सुटला. पारडं कललं. सगळी माती एका बाजूला गेली.” पद्माकरने तोंडावरून हात फिरवला. “ती माझ्याकडे अशी काही बघत होती... मला वाटलं, उर्मट आहे. मी तेही टिपून ठेवलंय, उर्मट म्हणून.”

पद्माकरला लाज वाटली. साधी, उघडी लाज. त्या पोरीचं अख्ख्या सकाळचं काम आपण एका प्रश्नाने पाडलं, वर तिला तीन गुण दिले, आणि हे चाळीस मिनिटांतलं एकच खरं पाहणं आपण विसरून गेलो होतो, याची लाज. मग त्या लाजेच्या मागून हळूच दुसरं काहीतरी आलं. त्याला आनंद झाला. आपल्याला दिसलं होतं! तीन उन्हाळे घालून जे एक वाक्य सुचलं नाही, ते आता समोर होतं.

“लिही,” गुरुजी म्हणाले.

त्याने लिहिलं. या वेळी दहा सेकंदांत नाही झालं. खोडलं, परत लिहिलं. ‘कुतूहल दाखवते’ असं एक वाक्य मधेच बोटांवर आलं, ते त्याने पुसून टाकलं. शेवटी वाचून दाखवलं, हळू आवाजात.

“‘रेवली. दगडासमोर चिमूट चिमूट माती टाकत होती. पारडं हलू नये म्हणून तिने श्वास धरला होता. मी प्रश्न विचारला. उत्तर देताना श्वास सुटला आणि पारडं कललं. चूक तिची नव्हती.’”

“चांगली आहे,” गुरुजी म्हणाले.

हे शब्द पद्माकरने त्यांच्या तोंडून चौथीत ऐकले होते की नव्हते, त्याला आठवेना. त्याने वर पाहिलं नाही. पडताळणीचं बटण दाबलं. सवयच ती.

पडद्यावर चक्र फिरलं. थांबलं.

चौकट लाल झाली.

जुळणी शून्य टक्के. नोंद बनावट असण्याची शक्यता. संबंधितांची चौकशी करावी.

पद्माकरने पुन्हा दाबलं.

लाल.

“असं कसं...” तो म्हणाला. “काहीतरी चुकतंय याचं.”

त्याने तिसऱ्यांदा दाबलं. मग टॅब गुरुजींसमोर धरला, मघाशी धरला होता तसाच.

“गुरुजी, मी पाहिलंय हे. काल. या डोळ्यांनी पाहिलंय! खोटं कशाला लिहीन मी?”

गुरुजींनी टॅबकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“तुम्हाला तरी पटतंय ना?”

गुरुजींनी विळ्याच्या मुठीखालून कागद ओढला. मांडीवर सरळ केला. पेनचं टोपण काढलं आणि पेन त्या दोन कोऱ्या रकान्यांच्या मधल्या रेघेवर आणून टेकवलं.

“पद्माकर,” त्यांनी विचारलं, “तुझं नाव कुठल्या रकान्यात लिहू?”